‘पिस्ट’ म्हणजे प्यायलेला की पिसाळलेला? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परदेशी मालिकांची मराठी उपशीर्षकं लिहिणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. सुरुवातीच्या दिवसांत एका ब्रिटिश मालिकेत ‘ही वॉज पिस्ट’ असं वाक्य आलं आणि मी बिनदिक्कत लिहून मोकळी झाले, ‘तो भयंकर चिडला होता.’ पडद्यावर तो गृहस्थ रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाला मिठी मारून त्याची क्षमा मागत होता. काम तपासणाऱ्या बाईंनी समासात एवढंच लिहिलं होतं : ‘कुणावर? खांबावर?’

त्यानंतर या शब्दाच्या मागे लागले. नातेवाइकांची मुलं शिकायला किंवा नोकरीला बाहेर जातात, ती हे प्रश्न विचारतात. काही प्रश्न सोबत काम करणाऱ्यांचे आहेत.

एका दमात सांगायचं तर अर्थ काय?

ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इथे ‘पिस्ट’ म्हणजे दारू पिऊन तर्र झालेला. अमेरिकेत ‘पिस्ट’ म्हणजे चिडलेला, डोकं फिरलेला. कॅनडात बहुतेक वेळा रागाचाच अर्थ असतो, पण दुसराही कानावर येतो. स्पेलिंग एकच, उच्चार एकच. घोळ तिथेच आहे.

‘पिस्ड’ म्हणायचं की ‘पिस्ट’?

पिस्ट. स्पेलिंगच्या शेवटी ‘डी’ आहे हे खरं, पण त्याच्या आधी ‘स’ आला की इंग्रजी जीभ त्या ‘ड’चा ‘ट’ करून टाकते. ‘मिस्ड’ लिहिलेलं ‘मिस्ट’ ऐकू येतं, तसंच हे. आपल्याकडे शाळेत स्पेलिंगबरहुकूम बोलायला शिकवतात, म्हणून ‘पिस्ड’ रुळलं. तसं म्हटलंत तरी समजेल, पण समोरचा म्हणेल तेव्हा तुम्हाला ‘पिस्ट’ ऐकू आलं पाहिजे.

आणि हो, आपल्या ‘पिष्टमय पदार्थां’शी याचा काडीचाही संबंध नाही. ‘पिणे’ या क्रियापदाशीही नाही, कितीही मोह झाला तरी.

मग शब्द आला कुठून?

सांगायला जरा लाज वाटेल, पण मूळ मुतण्यात आहे. ‘पिस’ हे जुन्या फ्रेंचमधून तेराव्या शतकाच्या शेवटाकडे इंग्रजीत आलेलं क्रियापद. धारेच्या आवाजावरूनच ते घडलं असं कोशकार मानतात. म्हणजे ‘पिस्ट’चा शब्दशः अर्थ ‘मुतलेला’.

आज हा शब्द असभ्य वाटतो, पण नेहमी तसं नव्हतं. १६११ साली छापलेल्या, इंग्लंडच्या राजाच्या आज्ञेने भाषांतरित झालेल्या बायबलमध्ये तो सरळ, न लाजता आलेला आहे. चर्चमध्ये उभं राहून वाचला जात होता. पुढे शिष्टाचार बदलला, शब्द खाली घसरला आणि लोकांनी त्याचं फक्त पहिलं अक्षर ठेवलं. ‘पी’. मुलांना ‘पीपी करून ये’ म्हणतात ते ‘पी’ हेच.

आपल्याकडे याचा जुळा भाऊ आहे. ‘मुतखडा झालाय’ हे वाक्य सासरच्या पंगतीत बसूनही म्हणता येतं, कुणी भुवई उंचावत नाही, उलट दोन जण कुळथाचं कढण सुचवतात. पण त्याच पंगतीत ‘मुतायला जाऊन येतो’ म्हणून बघा.

मुतण्याचा आणि दारूचा संबंध जुळला कसा?

शरीराला विचारलं तर ते लगेच सांगेल. मद्यार्क शरीरात पाणी धरून ठेवणाऱ्या व्हॅसोप्रेसिन नावाच्या संप्रेरकाला दाबतो, त्यामुळे मूत्रपिंडं हात सैल सोडतात. दोन ग्लास बिअर पिणारा चार वेळा उठतो ते त्यामुळे.

भाषेतला पुरावा मात्र फार गमतीचा आहे. १३ जानेवारी १७३७ च्या ‘पेन्सिल्व्हेनिया गॅझेट’मध्ये बेंजामिन फ्रँकलिन यांनी ‘पिणाऱ्याचा शब्दकोश’ छापला. दारू चढलेल्या माणसासाठी लोक जे जे म्हणतात ते त्यांनी अक्षरवार लावलं. दोनशेहून जास्त शब्द आणि वाक्प्रचार भरले. त्यात ‘बार्बाडोसला जाऊन आलाय’ आहे, कारण रम तिकडची. ‘डोक्यात मधमाश्या भरल्यात’ आहे. ‘ढकलगाडीसारखा प्यायलाय’ आहे. आणि ‘ब’च्या रांगेत एक आहे : ‘ओढ्यात मुतून आला.’

म्हणजे आजचा शब्द जशाच्या तसा नसला तरी जोडी तेव्हाच जमलेली होती. आणि जमली होती तीही अमेरिकेत, जिथे आज हा अर्थ कुणाच्या ध्यानीमनी नसतो. नुसता ‘पिस्ट’ मात्र विसाव्या शतकात ब्रिटनमध्ये बोकाळला.

अमेरिकेत रागाचा अर्थ कसा आला?

सैन्यातून. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी सैनिकांच्या तोंडी ‘पिस्ट ऑफ’ म्हणजे वैतागलेला, भडकलेला, असा प्रयोग रुजला. युद्ध संपलं, सैनिक घरी गेले, सोबत शब्द घेऊन गेले. पुढे बोलण्याच्या घाईत ‘ऑफ’ गळून पडलं आणि नुसतं ‘पिस्ट’ उरलं.

ब्रिटिशांनी ‘पिस्ट ऑफ’ उचललं, पण शेपूट कापलं नाही, कारण कापलं असतं तर ते त्यांच्या दारूवर जाऊन आदळलं असतं. म्हणून लंडनचा माणूस चिडला की आजही ‘ऑफ’ न चुकता लावतो. मला हे भाषेचं शहाणपण वाटतं. कुणी समिती नेमली नाही, परिपत्रक काढलं नाही, तरी गर्दीत दोन अर्थांना दोन वाटा मिळाल्या.

ऐकताना ओळखायचं कसं?

सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. माणूस कुठला आहे हे ठाऊक असेल तर निम्मं काम झालं. पण लंडनच्या कार्यालयात अमेरिकी साहेब असतो, आणि मालिकेत तर कुणीही कुठूनही आलेला असतो. म्हणून शब्दाकडे न बघता शब्दाच्या शेजाऱ्यांकडे बघावं.

मागे ‘ऑफ’ असेल तर राग. मग बोलणारा न्यूयॉर्कचा असो की नॉटिंगहॅमचा. मागे ‘अ‍ॅट’ आणि त्यापुढे माणूस असेल, ‘पिस्ट अ‍ॅट मी’, ‘पिस्ट अ‍ॅट हिम’, तर रागच, आणि बोलणारा जवळपास नक्की अमेरिकी वळणाचा. दारू कुणा‘वर’ चढत नाही, राग चढतो. पुढे ‘हाफ’ आला, ‘हाफ पिस्ट’, तर दारू. अर्धवट चिडलेला असं कुणी म्हणत नाही. ‘पिस्ट अप’ असेल तर दारू. ‘अ‍ॅज अ...’ करून एखादा प्राणी किंवा पक्षी आला तर डोळे मिटून दारू.

‘गेट’ हे क्रियापद जरा फसवं आहे. ‘लेट्स गेट पिस्ट’ म्हणजे चला, आज प्यायची. ठरवून, मित्र जमवून, शुक्रवारी संध्याकाळी चिडायला कुणी जात नाही. पण ‘डोन्ट गेट पिस्ट’ हे अमेरिकी तोंडातून आलं तर ‘भडकू नकोस’, आणि ब्रिटिश तोंडातून आलं तर ‘जास्त घेऊ नकोस’.

आणि जिथे शेजारी कुणीच नाही, ‘आय वॉज पिस्ट लास्ट नाइट’ एवढंच, तिथे सरळ विचारावं. माझ्या नणंदेचा मुलगा लीड्सला नोकरीला लागला. दुसऱ्या आठवड्यात त्याच्या वरिष्ठांनी सकाळी सकाळी त्याला हेच वाक्य ऐकवून ‘सॉरी’ म्हटलं. पोराला दिवसभर अन्न गोड लागलं नाही. माझं काय चुकलं, साहेब कशावर चिडले, काल पाठवलेल्या तक्त्यात आकडा चुकला का! रात्री मला फोन. मी म्हटलं, अरे, तुझ्यावर नाही, ते बाटलीवर होते. साहेबांनी आदल्या रात्रीच्या पार्टीत जरा जास्त आपुलकी दाखवली होती, त्याची माफी मागत होते.

‘पिस्ट अ‍ॅज अ न्यूट’ यातला न्यूट कोण?

पालीसारखा दिसणारा, पण बेडकाच्या जातकुळीतला, पाण्यात आणि जमिनीवर राहणारा एक लहान प्राणी. महाराष्ट्रात तो नाही, म्हणून त्याला रुळलेलं मराठी नावही नाही. त्याचा एक भाऊबंद दार्जिलिंगच्या बाजूला डबक्यांत सापडतो. बिचारा काहीही पीत नाही. जमिनीवर त्याची चाल अडखळती असते म्हणून, असं काही जण सांगतात, पण ते मागाहून जुळवल्यासारखं वाटतं. ऑस्ट्रेलियात त्याच्या जागी पोपट बसवतात. अशा उपमांत तर्क शोधू नये. आपण ‘पिऊन टुन्न’ म्हणतो त्या ‘टुन्न’ला तरी कुठे अर्थ आहे?

‘ही इज अ बिट ब्राम्स’ हे काय प्रकरण आहे?

हे आवडतं प्रकरण. लंडनच्या पूर्व भागातल्या कष्टकरी वस्त्यांत यमकाची एक गुप्त बोली चालत आली आहे. जो शब्द बोलायचा त्याच्याशी यमक जुळणारी दोन शब्दांची जोडी घ्यायची आणि बोलताना जोडीतला यमकाचा शब्दच गिळून टाकायचा. ‘पिस्ट’ला यमक ‘लिस्ट’. म्हणून जोडी निवडली ‘ब्राम्स अँड लिस्ट’. एक जर्मन संगीतकार, एक हंगेरीचा. मग लिस्ट गाळायचा, उरतो ‘ब्राम्स’. बाहेरच्याला वाटतं की हा माणूस जरा शास्त्रीय संगीताच्या अंगाने जातोय.

लहानपणी आपण ‘च’ची भाषा बोलायचो, घरातल्या मोठ्यांना कळू नये म्हणून. कूळ तेच. आणि ‘पिस्ड’ असा उच्चार धरून बसलात तर हे यमक तुम्हाला जन्मात कळणार नाही.

मराठीत नेमका प्रतिशब्द कोणता?

नशेसाठी इतके आहेत की निवडताना दमछाक होते. तर्र, तर्राट, टुन्न, टाइट, फुल्ल, झिंगलेला. वर्तमानपत्रात तोच माणूस ‘मद्यधुंद अवस्थेत’ आढळतो, आणि ३१ डिसेंबर जवळ आला की मथळ्यांत ‘तळीराम’ होतो. हा तळीराम गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’मधला. नाटकातलं एक पात्र विशेषनामातून सुटून सामान्यनाम झालं, हे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येतं. पण तळीराम म्हणजे पिणारा. पिण्याची सवय असलेला. एका रात्रीपुरता ‘पिस्ट’ झालेला माणूस तळीराम असेलच असं नाही.

एक फरक मला फार विचार करायला लावतो. इंग्रजीतले नशेचे शब्द बघा : हातोड्याने ठोकलेला, गिलावा केलेला, फुटलेला, वाया गेलेला, पाय नसलेला. सगळीकडे माणसावर काहीतरी येऊन आदळलंय, त्याची मोडतोड झाली आहे. मराठीत कर्ती दारू असते. ती ‘चढते’, ‘लागते’, सकाळी ‘उतरते’. माणूस नुसता जिन्यासारखा उभा. त्याचं ‘विमान’ सुद्धा उडतं ते तिच्या जोरावर. म्हणून ‘ही वॉज पिस्ट’चं सगळ्यात सहज मराठी मला ‘त्याला चढली होती’ हे वाटतं. त्यात ‘तो’चा ‘त्याला’ होतो, जबाबदारी हळूच बाटलीकडे सरकते. बोलणाऱ्याला माफ करायचं असेल तर हे वाक्य. करायचं नसेल तर ‘पिऊन पडला होता’.

रागासाठी ‘सटकली’, ‘टाळकं फिरलं’, ‘डोकं आउट झालं’. साधं ‘चिडला’ हे अमेरिकी ‘पिस्ट’ला कमी पडतं, कारण त्या शब्दात थोडी घाण आहे आणि ‘चिडला’ अगदी धुऊन पुसून आलेलं आहे.

आपण ‘टाइट’ म्हणतो तेही इंग्रजीच ना?

इंग्रजीच, आणि अपघाताने नव्हे. एकोणिसाव्या शतकापासून इंग्रजीत ‘टाइट’ म्हणजे प्यायलेला असा बोलीतला अर्थ होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या इंग्रजी कथा-कादंबऱ्यांत हा ‘टाइट’ जागोजाग भेटतो. आज तिकडे तो आजोबांच्या कोटासारखा झालाय : ओळखतात सगळे, घालत कुणी नाही. आपल्याकडे मात्र तालुक्याच्या एसटी स्टँडवरही ‘फुल टाइट हाय त्यो’ ऐकू येतं.

धोका असा की आपला हा शब्द घेऊन तुम्ही इंग्लंडला गेलात आणि ‘माय फ्रेंड इज टाइट’ म्हणालात, तर समोरचा समजेल की मित्र कंजूष आहे, पैसे काढताना हात आखडतो. गल्ल्यावरचा माणूस बिल तुमच्याकडे सरकवेल.

कितपत शिवराळ आहे?

शिवी नाही. असभ्य आहे. ब्रिटनमध्ये प्रक्षेपणावर देखरेख ठेवणाऱ्या ऑफकॉम या संस्थेने २०१६ मध्ये कोणते शब्द लोकांना किती खटकतात याची पाहणी प्रसिद्ध केली, त्यात हा शब्द मधल्या पायरीवर आहे. म्हणजे रात्री ९ नंतर चालेल, त्याआधी जपून.

अमेरिकेतली गोष्ट वेगळी. जॉर्ज कार्लिन या विनोदवीराने १९७२ मध्ये दूरचित्रवाणीवर कधीही म्हणता येणार नाहीत अशा सात शब्दांचा कार्यक्रम रचला. ‘पिस’ त्या सातांत होता. तशाच एका सादरीकरणाच्या रेडिओ प्रक्षेपणावरून वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७८ मध्ये निकाल लागला, तो नियामकांच्या बाजूने. आज त्याच देशात ‘आय अ‍ॅम पिस्ट’ म्हणणारी पात्रं संध्याकाळच्या मालिकांत असतात.

मग मी वापरू का?

समजून घ्या, वापरायची घाई करू नका. परकी भाषा बोलताना असभ्य शब्द सर्वात आधी येतात आणि त्यांचं वजन सर्वात उशिरा कळतं. मुंबईत नवा आलेला माणूस उत्साहाने मराठी शिव्या घालतो तेव्हा आपल्याला जे वाटतं, तेच त्यांना वाटतं. सोबतचे सगळे वापरत असतील, बिअरचे ग्लास समोर असतील, तर वापरा. ईमेलमध्ये नको. मुलाखतीत नको. सासरेबुवा ब्रिटिश असतील तर त्यांनी आधी वापरू दे.

गोव्यातल्या किनाऱ्यांवरच्या शॅकवाल्यांना हे कुणी शिकवावं लागत नाही. ब्रिटिश पर्यटकांच्या कित्येक हिवाळ्यांनी त्यांना तयार केलंय. गिऱ्हाईक ‘पिस्ट’ आहे की ‘पिस्ट ऑफ’ आहे हे तिथल्या वेटरला ऑर्डर घ्यायच्या आधी कळतं, कारण एकाला लिंबूपाणी द्यायचं असतं आणि दुसऱ्याला मॅनेजर.

‘टेक द पिस’, ‘पिस ऑफ’, ‘पिस-अप’ हे सगळे एकाच अर्थाचे का?

नाही, आणि इथे सगळ्यात जास्त जण घसरतात.

‘टेकिंग द पिस’ याचा दारूशी संबंध नाही. ती चक्क ‘फिरकी घेणं’. आपल्याकडेही ‘घेणं’च आहे, हे बघून मला बरं वाटलं होतं. कधी त्याला दुसरी धार असते. घरमालकाने भाडं एकदम दीडपट केलं तर ब्रिटिश भाडेकरू म्हणतो, ‘ही इज टेकिंग द पिस.’ म्हणजे गंमत नाही, आम्हाला काय खुळं समजतो का! याच प्रयोगाचं घरगुती रूप ‘टेकिंग द मिकी’.

‘पिस ऑफ’ हे आज्ञार्थी आलं की चालता हो, फूट इथून.

‘ऑन द पिस’ म्हणजे पिण्याच्या बेताने बाहेर पडलेला. ‘आज बसायचं का?’ यातलं आपलं जे ‘बसणं’ आहे ते. फरक एवढाच की आपण लाजून बसतो, ते बोंबलत बाहेर पडतात. ‘पिस-अप’ ही ओली पार्टी, आणि त्यावरून आलेली म्हण अस्सल आहे : त्याला दारूच्या कारखान्यात ओली पार्टी जमवता येणार नाही. इतका निकम्मा! ब्रिटिश लोक ती बहुधा आपल्या सरकारबद्दल वापरतात.

‘पिस आर्टिस्ट’ कुठलीही कला करत नाही, तो बेवडा. ‘पीस ऑफ पिस’ म्हणजे डाव्या हातचा मळ. ‘पिसिंग डाउन’ म्हणजे धो धो पाऊस. आणि ऑस्ट्रेलियात नुसतं ‘पिस’ म्हणजे बिअर, हे ऐकून आमचे एक काका तिकडे आठ दिवस चहावर राहिले.

गरीब लोक मूत विकायचे म्हणून ‘पिस पुअर’ हा शब्द आला, हे खरं का?

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी ही गोष्ट अर्धी खरी आहे, म्हणूनच ती मरत नाही. कातडी कमावायला आणि कापड रंगवायला जुन्या काळी मूत वापरत, हे खरं. इंग्लंडच्या यॉर्कशर किनाऱ्यावर सतराव्या शतकापासून तुरटीचे कारखाने होते. तुरटी काढायला अमोनिया लागायचा, म्हणून लंडन आणि न्यूकॅसलहून पिंपंच्या पिंपं भरून मूत जहाजाने यायचं, हेही खरं. ‘टेकिंग द पिस’ हा प्रयोग त्या जहाजांवरून आला अशी आणखी एक पुरवणी लोक त्याला जोडतात.

पण हे वाक्प्रचार विसाव्या शतकातले आहेत. ‘पिस पुअर’ छापलेला दिसतो तो १९४० च्या दशकात, तुरटीच्या त्या जहाजांचं नाव-निशाण उरलं नव्हतं तेव्हा. त्यात ‘पिस’ हा नुसता जोर देणारा शब्द आहे, ‘भिकारडा’ म्हणताना आपल्या मनात खरा भिकारी नसतो तसा. कारखाना खरा, शब्द खरा. लग्न मात्र व्हॉट्सअ‍ॅपने लावलं.

सभ्य भाषेत काय म्हणावं?

‘ड्रंक’ साधं, कुठेही चालतं. थोडीशीच लागली असेल तर ‘टिप्सी’, ब्रिटनमध्ये प्रेमाने ‘मेरी’. त्यांचा आणखी एक खास प्रकार म्हणजे ‘टायर्ड अँड इमोशनल’, थकलेला आणि भावनावश. १९६० च्या दशकात परराष्ट्रमंत्री जॉर्ज ब्राउन यांच्या पिण्यावरून ‘प्रायव्हेट आय’ या उपहासगर्भ पाक्षिकाने तो लोकांच्या तोंडी आणला. पुढाऱ्याला दारुडा म्हटलं तर अब्रुनुकसानीचा दावा येतो, थकलेला म्हटलं तर येत नाही. तेव्हापासून तिथला एकही पुढारी छापील मजकुरात थकायला धजत नाही.

पोलीस किंवा डॉक्टर विचारत असतील तर?

तिथे ‘पिस्ट’ नको, आणि ‘टाइट’ तर मुळीच नको. ‘आय हॅव बीन ड्रिंकिंग’ आणि किती, केव्हा, एवढं सांगावं. ब्रिटनमध्ये दारू पिऊन गाडी हाकण्याच्या गुन्ह्याला ‘ड्रिंक ड्रायव्हिंग’ म्हणतात, ‘ड्रंक’ नव्हे. झोकांड्या जात नसल्या तरी रक्तातला आकडा ओलांडला की गुन्हा. इंग्लंड-वेल्समध्ये तो १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम मद्यार्क, स्कॉटलंडमध्ये डिसेंबर २०१४ पासून ५०. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार ३०. म्हणजे इंग्लंडमध्ये चालून गेलेली रात्र पुण्याच्या नाकाबंदीत अडकू शकते.

इंग्लंडच्या १८७२ च्या मद्य परवाना कायद्यात, नशेत असताना रस्त्यावर गाडी, घोडा, गुरं किंवा वाफेचं इंजिन ताब्यात असणं हाही गुन्हा आहे. ते कलम अजून जिवंत आहे. गाय घेऊन पबला जाऊ नये.

उपशीर्षकात तुम्ही स्वतः काय लिहिता?

पात्र बघून. खाणीतला कामगार असेल तर ‘टाइट होता’. बँकेतला साहेब बायकोला कबुली देत असेल तर ‘जरा जास्त झाली होती’. कॉलेजची मुलगी मैत्रिणीला सांगत असेल तर ‘मला फुल चढली होती यार’. खाली एका ओळीला जेमतेम चाळीस अक्षरं मिळतात, त्यात ‘मद्यधुंद अवस्थेत’ घातलं की निम्मी ओळ गेली. आणि दिव्याचा खांब दिसला की आता मी थांबते, दृश्य परत बघते.

सकाळी उतरत नसेल तर त्याला काय म्हणतात?

‘हँगओव्हर’. आणि त्यावर पुन्हा घोटभर घेणं याला इंग्रजीत ‘हेअर ऑफ द डॉग’, चावलेल्या कुत्र्याचा केस. चावलेल्या कुत्र्याचाच केस जखमेवर लावला की बरं वाटतं, अशी जुनी समजूत होती. आपण त्याला ‘उतारा’ म्हणतो. आपला उतारा दृष्टीवरही चालतो, विषावरही, पुस्तकातूनही निघतो आणि सातबाऱ्याचाही मिळतो. तेव्हा सकाळी दाराशी येऊन कुणी ‘उतारा पायजे’ म्हणालाच, तर त्याला तलाठ्याकडे पाठवायचं की गुत्त्यावर, हे आधी त्याचं तोंड बघून ठरवा.